रिव्हॉल्व्हर घ्यावं का पिस्तूल? लायसन्स आलं, आता डोकं चालेना

भुसारवाला | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी नमस्कार. वर्षभर नुसता वाचतोय इथं, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मार्केट यार्डात भुसार बाजारात आमचा गाळा आहे, वडिलांपासूनचा. मागच्या वर्षी दोनदा धमकीचे फोन आले आणि एकदा गाळा बंद करून निघालो तर दोघं जण गाडीवर पार सिंहगड रोडपर्यंत मागं मागं. पोलिसात तक्रार दिली, मग लायसन्सचा अर्ज केला, ती चौकशी, ते मेडिकल, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, चपला झिजल्या पण शेवटी मंजूर झालं एकदाचं.

आता दुकानात गेलो तर दुकानदारानं काउंटरवर दोन्ही ठेवली आणि म्हणतो शेठ तुम्ही म्हणाल ते. मला काय कळतंय त्यातलं? मेहुणा म्हणतो पिस्तूलच घ्या, रिव्हॉल्व्हर म्हणजे जुन्या पिक्चरमधला इन्स्पेक्टर. शेजारचे काका म्हणतात रिव्हॉल्व्हर घे, दगा देत नाही. वय ५३, चष्मा आहे, रोजचा प्रवास स्कूटरवर. बजेट सव्वा-दीड लाख. अनुभव म्हणाल तर ट्रेनिंगमध्ये ज्या काही गोळ्या मारल्या तेवढाच. जाणकारांनी सांगा.

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ११:०५

आधी हे सांगा, आजच्या काळात रोकड स्कूटरवरून नेता? यूपीआय म्हणून एक गोष्ट निघालीये, गोळ्या लागत नाहीत त्याला.

भुसारवाला | सोमवार, रात्री ११:१९

माहितीये हो. पण हमाली-तोलाईचे पैसे रोखच द्यावे लागतात आणि निम्मे किरकोळ दुकानदार अजून रोखच आणून देतात. आणि धमकी रोकडीसाठी नव्हती, एका जागेचा जुना वाद आहे, तो इथं नको.

माजी_सुभेदार | मंगळवार, सकाळी ६:१०

भुसारवाले, राम राम. पायदळात २८ वर्षं काढली, आता दिघीत असतो. हत्यार म्हणजे दागिना नव्हे हे आधी मेहुण्याला सांगा.

तुम्हाला नागरिकाच्या लायसन्सवर ९ एमएम मिळणार नाही, पॉइंट ३८ पण नाही. ती प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) येतात, त्याचं लायसन्स दिल्लीहून गृह मंत्रालयाकडून लागतं. तुमच्या वाट्याला येतं ते बहुतेक बत्तीस, म्हणजे पॉइंट ३२ बोअरचं. म्हणजे रिव्हॉल्व्हर घ्या नाहीतर पिस्तूल, गोळीचा जोर साधारण सारखाच, ९ एमएमच्या निम्म्याहून कमी. त्यामुळं "पिस्तुलात जास्त ताकद" असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग फरक कशात? गोळी फुटली नाही तर तुम्ही काय करणार, यात. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप परत ओढायचा, गोळ्या भरलेली चक्री फिरते, पुढची गोळी समोर येते, विषय संपला. पिस्तुलात गोळी फुटली नाही, किंवा रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागात, उभी अडकली, तर मॅगझिनला खालून थाप मारायची, स्लाइड ओढायची, परत नेम. आम्हाला हे झोपेतून उठवून करायला लावलं तरी जमायचं कारण हजारो वेळा केलेलं. तुम्ही वर्षाला किती गोळ्या मारणार? लायसन्सवर कोटा असतो, गोळी महाग असते, रेंज लांब असते. खरं सांगा, दिवाळीनंतर कपाटातून बाहेर तरी निघेल का?

म्हणून माझं मत रिव्हॉल्व्हर. कमी सराववाल्याला कमी भानगड.

नेमबाज_ताई | मंगळवार, सकाळी ९:३५

सुभेदार साहेब, तुमचा मान राखून, अर्धंच पटलं. मी बालेवाडीला रेंजवर जाते, स्पोर्ट्स पिस्तूल, आठवड्यात तीन दिवस. "नवशिक्याला रिव्हॉल्व्हर सोपं" हे सगळे म्हणतात पण ते चालवायला सोपं, लागायला नाही! घोडा (मागचा हॅमर) मागं न ओढता सरळ चाप दाबला तर चार-पाच किलोचा जोर लागतो आणि तो चाप लांब प्रवास करतो, तेवढ्या वेळात नळी खाली झुकते. पहिल्यांदा रिव्हॉल्व्हर हातात घेतलेली माणसं मी बघितलीयेत, सात मीटरवर कागदाच्या खाली मातीत गोळ्या. घोडा अंगठ्यानं मागं ओढून मारलं तर चाप एकदम हलका, नेम छान लागतो, पण भीतीनं हात थरथरत असताना हलका चाप ही वेगळीच डोकेदुखी, नको तेव्हा सुटते.

पिस्तुलाचा चाप साधारण सारखा राहतो, मूठ चपटी, शर्टाखाली दिसत नाही, नळी हाताला जवळ. शिकायला दोन महिने जास्त लागतात पण नंतर नेम जास्त लागतो, निदान माझा अनुभव असा आहे.

आणि एक फार महत्त्वाचं. दुकानात नुसतं "बत्तीसच्या गोळ्या द्या" म्हणू नका. रिव्हॉल्व्हरची बत्तीस म्हणजे एस अँड डब्ल्यू लाँग, बुडाला रुंद कड असलेली लांब गोळी. पिस्तुलाची बत्तीस म्हणजे एसीपी, तिलाच ७.६५ म्हणतात, ती आखूड. नाव एक, वस्तू दोन.

औंधचा_इंजिनियर | मंगळवार, सकाळी १०:२०

काय राव, २१व्या शतकात रिव्हॉल्व्हर? जगात सगळ्यांनी सोडून दिलं. ११ एप्रिल १९८६ मायामीची चकमक वाचा, अमेरिकेच्या एफबीआयचे दोन एजंट गेले, रिव्हॉल्व्हरवाल्यांना गोळीबारात परत भरायलाच जमेना, त्यानंतरच एफबीआय सेमी ऑटो पिस्तुलांकडे वळली. सरळ ग्लॉक १९ घ्या.

माजी_सुभेदार | मंगळवार, सकाळी १०:४८

इंजिनियर साहेब, ग्लॉक १९ म्हणजे ९ एमएम. वर काय लिहिलंय मी?

मायामीचं अर्धंच सांगितलंत. त्या दिवशी ज्या एजंटनं शेवटी सगळं संपवलं त्याचा डावा हात गोळीनं निकामी झाला होता, आणि त्यानं एका हातानं रिव्हॉल्व्हरच्याच सहा गोळ्या मारून ते संपवलं. म्हणजे एकाच घटनेतून दोन्ही बाजू निघतात. आणि भुसारवाले काय बँकलुटारूंशी चकमक करायला निघालेत का? त्यांना पाच-सहा गोळ्यांच्या पुढं जायची वेळ आली तर मग काहीच उपयोग नाही.

त्याच १९८६ ला १० ऑगस्टला आपल्या पुण्यात जनरल वैद्य साहेबांवर मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. साहेब स्वतः गाडी चालवत होते. लष्करप्रमुख राहिलेला माणूस, आयुष्य हत्यारात गेलेलं. हाताशी काय आहे यानं काही फरक पडला नसता, वेळच नव्हता. आम्ही त्यावर खूप बोललो होतो तेव्हा युनिटमध्ये.

इतिहासवेडा | मंगळवार, दुपारी १२:१५

विषय पुणे आणि पिस्तूल असा निघालाच आहे तर २२ जून १८९७, गणेशखिंड रस्ता, चाफेकर बंधू. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. बग्गीवर मागून चढून जवळून गोळी. सांगायचा मुद्दा, असले प्रकार कायम हातभर अंतरावरून होतात, लांबून नेम वगैरे नाही.

सदाशिवपेठी | मंगळवार, दुपारी १२:२२

धाग्यात पुण्याचा इतिहास यायला अर्धा दिवसच लागला. प्रगती आहे.

मुळशीकर | मंगळवार, दुपारी २:०२

शेठ पिस्तूलच घ्या. आमच्याकडं बारा वर्षं झाली, अशनी, सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं. कमरेला असलं की समोरचा नीट बोलतो. लग्नाकार्यात पण लोक ओळखतात.

कोर्टकचेरी | मंगळवार, दुपारी २:३०

मुळशीकर, वाईट वाटून घेऊ नका पण हीच वाक्यं आमच्याकडं शिवाजीनगरला केस घेऊन येतात.

शस्त्र नियम २०१६ वाचा. सार्वजनिक ठिकाणी हँडगन बाळगायचं तर होल्स्टरमध्ये किंवा तशाच कशात तरी, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात. दाखवणं, परजणं, हवेत उडवणं सगळं बंद. २०१९ ला कायद्यात दुरुस्ती झाली त्यात वरातीत वगैरे आनंदाच्या भरात गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीत तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आली आणि लायसन्सची मुदत तीनची पाच वर्षं झाली. म्हणजे "समोरचा नीट बोलतो" यासाठी कमरेला दिसायला ठेवलं तर लायसन्स जायला तो एक मोबाईल व्हिडिओ पुरतो, आणि हल्ली व्हिडिओ कोण काढत नाही सांगा.

भुसारवाले, तुमच्यासाठी. स्वसंरक्षणाचा अधिकार आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. आधी आयपीसीत ९६ ते १०६ होता, मजकूर जवळपास तोच. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांकडं जायला वेळ होता तर अधिकारच नाही. जबरी चोरीत जीव घेण्यापर्यंत अधिकार जाऊ शकतो पण धाक चालू आहे तोवरच. बॅग घेऊन तो गाडीवर बसून पळाला, तुम्ही मागून झाडली, तर आरोपी तुम्ही. आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते, कोर्टात उभं राहून, काही वर्षं. चुकलेली गोळी रस्त्यावरच्या तिसऱ्याला लागली तर ते वेगळंच. सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता "कुणीच मागं नाही" अशी जागा मला दाखवा.

खडकीवाले_आजोबा | मंगळवार, दुपारी ४:४५

नमस्कार. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत नोकरी झाली माझी. फॅक्टरी १८६९ ची, आता म्युनिशन्स इंडियाच्या अखत्यारीत आहे. काडतुसाच्या बुडावर केएफ असा शिक्का दिसला तर ते आमच्याकडचं समजावं.

तुमची चर्चा हत्यारावर चाललीय, गोळीकडं कुणाचं लक्ष नाही. लोक लायसन्सवर गोळ्या घेतात आणि पंधरा-पंधरा वर्षं तुपाच्या डब्यासारख्या जपतात. जुन्या वापरून टाकाव्यात, नव्या ठेवाव्यात. चामड्याच्या पाकिटात गोळ्या राहिल्या की पितळेवर हिरवट चढतो, मग त्या चक्रीत नीट बसत नाहीत. हत्यार पुसताना तेल बेताचं, तेल बुडाच्या टोपीत (प्राइमरमध्ये) झिरपलं की गोळी मरते. बहुतेक "रिव्हॉल्व्हरनं दगा दिला" आणि "पिस्तूल अडकलं" ह्या गोष्टी शेवटी गोळीवर येतात.

सुभेदार म्हणतात त्यात थोडी भर. रिव्हॉल्व्हर अडकतच नाही असं नाही हं. न जळलेल्या बारुदाचे कण पुंगळ्या ढकलणाऱ्या चांदणीखाली गेले, किंवा टोपी किंचित वर राहिली, की चक्री फिरतच नाही. आणि ते रस्त्यात उभ्या उभ्या सुटत नाही. पिस्तूल जास्त वेळा अडकतं पण पटकन सुटतं, रिव्हॉल्व्हर क्वचित अडकतं पण अडकलं की अडकलं.

पिस्तुलाच्या बत्तीसची कड पण थोडी बाहेर असते, मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या मागं गेली की दोन्ही एकमेकींना धरून बसतात. भरताना बघून भरायचं.

नेमबाज_ताई | मंगळवार, संध्या. ६:१०

आजोबा, तुमच्यासारख्यांनी रोज लिहा इथं. एवढं नीट कुणी सांगत नाही.

अ‍ॅडमिन | मंगळवार, रात्री ८:३०

या ठिकाणचा एक प्रतिसाद उडवला आहे. "गावठी स्वस्तात कुठं मिळेल" हा प्रश्न इथं विचारायचा नाही, गमतीत पण नाही. खातं बंद केलं आहे. धागा लायसन्सधारकांपुरता चालू राहू द्या.

वानवडीची | मंगळवार, रात्री ९:५०

मला हत्यारातलं फार कळत नाही पण घरात वडिलांचं रिव्हॉल्व्हर होतं म्हणून लिहिते. ते लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, किल्ली देवघरात. आम्हा भावंडांना सगळ्यांना माहीत होतं किल्ली कुठं आहे. वडिलांना वाटायचं कुणाला माहीत नाही. माझा भाऊ बारावीला नापास झाला त्या रात्री आईनं ती किल्ली काढून स्वतःच्या पदराला बांधली, कुणाला काही बोलली नाही, मला ते खूप वर्षांनी कळलं. त्यामुळं रिव्हॉल्व्हर का पिस्तूल याच्या आधी तुमच्या घरात कोण कोण आहे ते लिहा दादा.

आणि ते बायकांसाठी म्हणून २०१४ ला कानपूरहून निघालं होतं निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर, अर्ध्या किलोचं, सव्वा लाखाच्या आसपास किंमत होती. तेव्हा मैत्रिणींमध्ये खूप चर्चा झाली होती. पर्समध्ये ठेवायचं म्हणे! चोर आधी पर्सच ओढतो हो.

भुसारवाला | मंगळवार, रात्री ११:२५

ताई, वाचून गप्पच झालो. घरात बायको, मुलगी कॉलेजला, आई ८१ वर्षांची. आई रात्री उठून कपाटं उघडते, विसरायला होतं तिला हल्ली. हा विचार मी केलाच नव्हता. आता छोटी तिजोरी घ्यायची, नंबरची, भिंतीत बोल्ट करून.

तुमचं सगळ्यांचं वाचून पिस्तुलाकडं कल झुकला होता, पण एक सांगायचं राहिलं. २०११ ला स्कूटरवरून पडलो तेव्हा डावं मनगट मोडलं होतं, प्लेट आहे आत. बाटलीचं झाकण पण उजव्या हातानंच काढतो. याचा काही संबंध येतो का?

माजी_सुभेदार | बुधवार, सकाळी ५:५०

अहो हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं!

औंधचा_इंजिनियर | बुधवार, सकाळी ९:०५

अर्रर्र. दीड दिवस आपण हवेत गोळ्या मारतोय.

नेमबाज_ताई | बुधवार, सकाळी ९:४०

संबंध येतो म्हणजे, सगळा तिथंच येतो. पिस्तुलाची स्लाइड ओढायला दुसरा हात लागतोच. आणि अशनीसारख्या छोट्या पिस्तुलात स्प्रिंग कडक असते, धरायला जागा कमी, भल्याभल्यांना जड जातं. गोळी नळीत भरून ठेवून फिरलात तर स्लाइड ओढायला नको पण मग स्कूटरवर खड्ड्यातून कमरेला भरलेलं पिस्तूल आणि सेफ्टीच्या खटक्यावर सगळा भरवसा, नवशिक्यानं हे करू नये असं मी तरी म्हणेन. आणि नळी रिकामी ठेवलीत तर ऐनवेळी एक हात अ‍ॅक्सिलरेटरवर, दुसरा असा, कसं ओढणार?

दुसरं, मनगट ढिलं पडलं की स्लाइड पूर्ण मागं जात नाही आणि पिस्तूल अडकतं. रिव्हॉल्व्हरला मनगटाशी देणंघेणं नाही. तरी इथं ठरवू नका. रेंजवर या, दोन्ही हातात घेऊन बघा.

मुळशीकर | बुधवार, सकाळी ११:५५

काल वकीलसाहेबांनी लिहिलं ते झोंबलं होतं, उत्तर लिहून खोडलं. आता खरं सांगतो.

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी पिस्तूल पुसायला घेतलं. मॅगझिन काढून बाजूला ठेवली, म्हणलं झालं रिकामं. नळीत एक राहिलीय हे डोक्यातच नाही. सोडवायच्या आधी चाप दाबावा लागतो आमच्या पद्धतीनं, दाबला, गोळी सोफ्यातून भिंतीत. पोरगं त्या सोफ्यावरून दहा मिनिटांपूर्वी उठून क्लासला गेलं होतं. कानात तास दोन तास शिट्टी वाजत होती, बायको काही बोलली नाही, नुसती त्या भोकाकडं बघत उभी. सोफा विकला, भिंत भरून घेतली, पण कुठं होतं ते मला डोळे झाकून दाखवता येतं. तेव्हापासून पिस्तूल जास्त करून तिजोरीतच.

रिव्हॉल्व्हर असतं तर चक्री उघडली की सहाच्या सहा घरं डोळ्यासमोर. एवढंच सांगायचं होतं.

खडकीवाले_आजोबा | बुधवार, दुपारी १२:३०

लिहिलंत हे फार बरं केलंत. आधी मॅगझिन, मग स्लाइड मागं, मग डोळ्यानं बघायचं, मग बोट घालून बघायचं. अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही.

सदाशिवपेठी | बुधवार, दुपारी १:१०

मुळशीकर, मी कुणाला सहसा म्हणत नाही, पण मानलं.

औंधचा_इंजिनियर | बुधवार, दुपारी ३:४०

रिव्हॉल्व्हरच घ्यायचं तर मग कुठलं? ते प्रबळ म्हणून ऑगस्ट २०२३ ला निघालं ना, कानपूरचंच, चक्री बाजूला उघडणारं.

माजी_सुभेदार | बुधवार, संध्या. ७:१५

हो. जुनं ऑर्डनन्सचं बत्तीस आणि निर्भीक, दोन्ही वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या घडणीची, मधून मोडून उघडायची. मोडलं की सगळ्या पुंगळ्या एकदम वर येतात. छान वाटतं बघायला. पण त्याला दोन्ही हातांचा झटका लागतो आणि बंद करताना वरची पकड नीट बसली का ते बघावं लागतं. प्रबळमध्ये चक्री बाजूला पडते, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. हलकं हत्यार खिशाला बरं, हाताला नाही, दणका जास्त देतं. तुमच्या डाव्या मनगटाला कुठलं उघडायला सोपं ते प्रत्यक्षच बघा.

जुनं विलायती कुणी देतो म्हणाला तर मोहात पडू नका. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाल्यापासून त्यांच्या किमती वेड्यासारख्या आहेत आणि सुट्टे भाग मिळत नाहीत. शिवाय फार जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट टोपीवर टेकलेला असतो, खाली पडलं तर सुटू शकतं. म्हणून जुने लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे, सहाचं पाच.

नेमबाज_ताई | बुधवार, रात्री ८:००

आणि इंजिनियर, गंमत म्हणून सांगते, आमच्या सेंटर फायर स्पर्धेत वापरतात ती बरीच पिस्तुलं रिव्हॉल्व्हरचीच बत्तीस लाँग गोळी खातात, सेमी ऑटो असून! त्यामुळं काल मी "नाव एक वस्तू दोन" म्हणाले त्याला पण अपवाद आहे. पण ती मनगटभर मोठी मूठवाली कमरेला लावून मार्केट यार्डात कुणी जात नाही :)

भुसारवाला | पुढच्या आठवड्यात, रविवार, रात्री ९:१५

मंडळी, जाऊन आलो. ताईंनी ओळख करून दिली त्या प्रशिक्षकांसमोर दोन्ही चालवून बघितली. सगळं लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पिस्तूल. स्लाइड चार वेळा ओढली, दोनदाच पूर्ण मागं गेली, तिसऱ्या वेळी मनगटातून अशी कळ आली की डोळ्यात पाणी. सरांनी भरून हातात दिलं तेव्हा मात्र दहातल्या आठ कागदावर, सहा मीटरवर. मला स्वतःला आश्चर्य वाटलं. नववीला अडकलं, सर म्हणाले तुम्ही सोडवा, मी नळी सरांकडंच वळवली. त्यांनी माझा हात धरून खाली दाबला आणि काही बोलले नाहीत. नंतर चहाच्या वेळी बोलले, बरंच बोलले.

रिव्हॉल्व्हर. घोडा ओढून मारलं तर नऊ. नुसता चाप दाबून मारलं तर दहातल्या चार, बाकी खाली मातीत, ताईंनी लिहिलं होतं अगदी तसंच. पण उघडणं, रिकामं करणं, भरणं, रिकामं आहे हे दाखवणं, सगळं माझ्या एका चांगल्या आणि एका अर्ध्या हातानं जमलं. चक्री बाजूला उघडणारं. सरांनी सांगितलंय डमी गोळ्या घालून रोज दहा मिनिटं नुसता चाप दाबायचा, समोर भिंत, खरी गोळी त्या खोलीतच नको.

तर रिव्हॉल्व्हर बुक केलंय. तिजोरी आधी आली, भिंतीत बसवली. नंबर फक्त मला माहीत. मुलीला विचारलं तुला सांगू का, ती म्हणाली नको बाबा.

कोर्टकचेरी | रविवार, रात्री १०:००

हातात आल्यावर नंबर लायसन्सवर चढवून घ्या आणि पोलीस ठाण्यात दाखवून नोंद करून घ्या, आळस नको. आणि स्कूटरच्या डिक्कीत कधीही ठेवायचं नाही. "पाच मिनिटं ठेवलं होतं" हे वाक्य मी खूप ऐकलंय.

वानवडीची | रविवार, रात्री १०:१२

मुलीचं उत्तर आवडलं.

भुसारवाला | दोन महिन्यांनी, गुरुवार, रात्री १०:३०

धागा वर काढतोय, माफ करा. रिव्हॉल्व्हर आलं, नोंद झाली, होल्स्टर घेतलं, एकोणीस दिवस कमरेला लावलं. पहिले चार दिवस असं वाटायचं सगळं यार्ड माझ्या कमरेकडंच बघतंय. पाणी प्यायला वाकलो तरी हात तिथं. दुसरं म्हणजे रोकड आता रोज तीन वाजता गाळ्यावरचा मुलगा आणि दिवाणजी दोघं जाऊन बँकेत भरून येतात, संध्याकाळी मी मोकळ्या हातानं घरी. हे वर्षापूर्वी का सुचलं नाही देव जाणे.

आणि विसाव्या दिवशी निवडणूक लागली. आचारसंहिता. ठाण्यातून फोन, हत्यार जमा करा.

सदाशिवपेठी | गुरुवार, रात्री १०:४१

म्हणजे सध्या रोकड बँकेत आणि रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात. मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो?

भुसारवाला | गुरुवार, रात्री १०:४४

तुम्ही यूपीआय म्हणाला होतात.

खडकीवाले_आजोबा | गुरुवार, रात्री ११:०२

जमा करायच्या आधी कोरडं पुसून तेलाचं बोट फिरवा, महिनाभर तिथं कुणी हात लावणार नाही. गोळ्या मोजून वेगळ्या द्या, पावतीवर हत्याराचा नंबर आणि गोळ्यांची संख्या दोन्ही लिहून घ्या. आणि चामड्याच्या होल्स्टरसकट देऊ नका, ते घरीच ठेवा.